वासरांची हगवण इंजेक्शनने थांबते आणि परत सुरू होते: तीन पावसाळे घालवल्यावर कारण बादलीत सापडलं

आमच्याकडे शेवटी सॅल्मोनेला नावाचा जंतू निघाला, पण आधी प्रॉब्लेम नीट सांगते, म्हणजे तुमच्या गोठ्यात तोच आहे का ते कळेल. वासरू दहा ते वीस दिवसांचं झालं की एका सकाळी दूध प्यायला उठत नाही, कान गार लागतात, थर्मामीटर लावलं तर १०४-१०५, आणि संध्याकाळपर्यंत पातळ हगवण सुरू, रंग पिवळट-हिरवा, त्यात पापुद्र्यासारखे तुकडे, कधी रक्ताचे धागे, आणि वास असा की एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी गोठ्याच्या दारातूनच कळतं. इंजेक्शन सुरू केलं की दोन दिवसांत थांबते, आपण सुटलो म्हणतो, चौथ्या-पाचव्या दिवशी परत. ते वासरू कसंबसं उभं राहतं तोवर शेजारच्या खुंट्यावरचं आडवं होतं. आणि दर वर्षी मागच्या वर्षीचं औषध कमी चालतं.

आम्ही इंदूरचे, गोठा हातोदच्या बाजूला, लहानमोठी मिळून बावीस जनावरं, बहुतेक एचएफ क्रॉस (विलायती होल्स्टीनचा संकर), दोन गीर आणि सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या वंशातली एक माळवी. धारा आणि दुधाचा हिशोब मिस्टर बघतात, वासरं पहिल्यापासून माझ्याकडे, त्यामुळे हे सगळं मी हाताने केलेलं आहे, ऐकीव नाही.

पहिल्या पावसाळ्यात एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे तीन दिवस दिले, वासरं उठली. दुसऱ्या पावसाळ्यात तेच औषध पाच दिवस देऊनही दोन वासरं गेली. मग जेन्टामायसिन झालं, ऑक्सीटेट्रासायक्लिन झालं. तिसऱ्या वर्षी सेफ्ट्रियाक्सोन, म्हणजे माणसं हॉस्पिटलमध्ये अॅडमिट होतात तेव्हा त्यांना देतात ते. गोठ्यातला भैया दर वेळी म्हणायचा, "भाभी, इस बार बड़ी वाली लगवा दो", आणि आम्ही खरंच दर वेळी आधीच्यापेक्षा मोठी लावत गेलो. त्या वर्षी मैना नावाची कालवड होती माझी, अठरा दिवसांची, मोठ्या इंजेक्शनच्या चौथ्या दिवशी गेली. डोळे इतके खोल गेले होते की डोळा आणि पापणी यांच्या मधे बोट जाईल एवढी फट, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची, तोंडात बोट घातलं तर आतून थंड. पहाटे चारला माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. मी तेव्हा औषधाला शिव्या देत होते, आणि आता माहितीये की ती पाण्यावाचून गेली, औषध हा पुढचा मुद्दा होता.

आम्ही काय काय समजलो ते पण सांगते, कारण तुम्ही पण हेच समजत असाल. औषध डुप्लिकेट आहे म्हणून मेडिकल बदललं. पाणी खराब म्हणून बोअरिंगचं पाणी तपासलं, टाकी घासली. कपास्या खली, म्हणजे सरकीची पेंड, ओली होती म्हणून ती बंद केली. सासूबाईंनी दृष्ट काढली. हवा बदलते म्हणून होतं असं तर सगळेच म्हणतात. यातलं काही पूर्ण चुकीचं नव्हतं, ओल्या खलीत जंतू असू शकतात, उंदीर फिरतात तिथे तर असतातच, पण रोग परत का येतो याचं उत्तर यात नव्हतं.

महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात गेलो तिथे एका सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, सॅम्पल कधी घेतलं होतं? मी म्हटलं, सर, सॅम्पल तर कधी घेतलंच नाही. ते रागावले नाहीत, म्हणाले, ताई, पुढचं वासरू आजारी पडलं की इंजेक्शनच्या आधी शेण घेऊन या, इंजेक्शन दिल्यावर आणलंत तर जंतू दबलेला असतो, प्लेटवर उगवत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

तर पहिली गोष्ट ही. सॅम्पल कसं घ्यायचं ते सांगते, अवघड नाही. मेडिकलमध्ये लघवी-शौच तपासायची झाकणवाली निर्जंतुक डबी मिळते ती आणा, हातात ग्लोव्ह घाला, जमिनीवर पडलेलं उचलू नका, गुदद्वारातूनच ताजं दहा-पंधरा ग्रॅम घ्या, डबीवर मार्करने वासराचा नंबर, वय, तारीख लिहा, आणि थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक ठेवून त्याच दिवशी पोचवा. फ्रीझरमध्ये गोठवू नका. एकाच वासराचं नका नेऊ, नुकती आजारी पडलेली तीन-चार असतील तर सगळ्यांचं न्या, आणि एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सोडू नका, कारण सॅल्मोनेला शेणातून रोज पडत नाही, मधे मधे पडतो. लॅब लांब असेल किंवा जायला जमत नसेल तर १९६२ वर फोन करून पशु चिकित्सेची गाडी बोलवा, त्या डॉक्टरांना सांगा की आधी सॅम्पल पाहिजे.

सॅम्पल द्यायच्या आधी घरच्या घरी वयावरून थोडा अंदाज येतो. पहिल्या चार-पाच दिवसांतच पाण्यासारखी हगवण लागली तर बहुतेक ई. कोलाय नावाचा आतड्यातला जंतू. पाच ते पंधरा दिवसांत रोटा, कोरोना हे व्हायरस किंवा क्रिप्टो नावाचा परजीवी, आणि या तिघांवर अँटिबायोटिक चालतच नाही, कितीही महाग आणा. आठवडा उलटल्यावर ताप चढून, रक्त किंवा पापुद्रे पडून सुरू झाली तर सॅल्मोनेलाचा संशय घ्यायचा. तीन आठवड्यांच्या पुढे रक्ताची हगवण पण ताप फारसा नाही, तर कॉक्सिडिया नावाचा परजीवी बघायचा. हे काटेकोर नाही, दोन-दोन रोग एकदम पण असतात, म्हणूनच लॅब. वासराचा नॉर्मल ताप १०१.५ ते १०२.५ असतो, माणसाच्या हिशोबाने १०२ बघून घाबरू नका आणि १०४ बघून थांबू नका.

आमच्या तीन सॅम्पलमध्ये सॅल्मोनेला निघाला. सरांनी मला प्लेट दाखवली, ते दृश्य मी विसरणार नाही. काचेची चपटी ताटली, तिच्यावर जंतूंचा दुधाच्या सायीसारखा पातळ थर, आणि त्यावर टिकलीएवढ्या कागदाच्या पांढऱ्या चकत्या, प्रत्येकीवर एकेका औषधाची दोन-तीन अक्षरं. औषध चालत असेल तर चकतीच्या भोवती स्वच्छ गोल पडतो, तिथे जंतू उगवत नाही. अॅम्पिसिलिन, टेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रियाक्सोन, चारही चकत्यांना साय अगदी चिकटून होती, गोल नावालाही नाही. म्हणजे आम्ही तीन वर्षं जी जी सुई टोचली तिच्यातली बहुतेक औषधं त्या ताटलीत निकामी पडली होती. जेन्टामायसिनला चांगला मोठा गोल होता, मी लगेच म्हटलं, सर मग हेच देऊ? ते म्हणाले, हाच धोका आहे, सॅल्मोनेला वासराच्या पेशींच्या आत जाऊन बसतो आणि जेन्टा पेशीच्या आत नीट पोचत नाही, म्हणून ताटलीत चाललं तरी वासरात चालेल असं समजू नका. शेवटी आमच्याकडे कामाचा गोल पडला तो ट्रायमेथोप्रिम-सल्फाला, जुनं, स्वस्त, ज्याला आम्ही कधी विचारलं नव्हतं. पण कृपा करून हे वाचून तुम्ही तेच आणू नका, तुमच्या गोठ्यातल्या जंतूची ताटली वेगळी असणार, कित्येक ठिकाणी सल्फाला सगळ्यात आधी रेझिस्टन्स येतो.

आता रेझिस्टन्स म्हणजे काय ते मला जसं समजलं तसं सांगते. वासराला सवय होत नाही औषधाची, जंतूला होते, आणि सवय म्हणणं पण बरोबर नाही, त्याच्याकडे हत्यारं येतात. कोणाकडे औषध कापणारं एन्झाइम असतं, कोणाकडे औषध आत आलं की बाहेर फेकणारा पंप, कोणी ज्या जागी औषध चिकटतं ती जागाच बदलून टाकतो. आणि ही हत्यारं पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर असतात, जो एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. म्हणजे वासराच्या आतड्यातल्या साध्या, निरुपद्रवी ई. कोलायकडे हत्यार असेल तर ते तो सॅल्मोनेलाला देऊ शकतो. त्यात एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांची हत्यारं एकत्र बसलेली असू शकतात, त्यामुळे तुम्ही टेट्रासायक्लिन दिलंत तरी जो जगतो तो सेफ्ट्रियाक्सोनची ढाल पण सोबत घेऊन जगतो. आम्ही औषध बदलत होतो आणि तो संपूर्ण गठ्ठाच सांभाळला जात होता. हे कळलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं, कारण प्रत्येक वेळी मी वासराचं भलं करते या समजुतीनेच मिस्टरांना बाजारात पाठवलं होतं.

हे काही आपल्याकडेच झालंय असं नाही. सॅल्मोनेला हे नाव अमेरिकेतल्या डॅनियल सॅल्मन या जनावरांच्या डॉक्टरांचं आहे, प्रत्यक्ष काम त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ मध्ये डुकरांवर केलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १८८८ मध्ये जर्मनीत गार्टनर यांनी एका हगवण लागलेल्या गाईच्या मांसातून आणि ते खाऊन मेलेल्या माणसाच्या शरीरातून एकच जंतू काढला, म्हणजे गाय आणि माणूस हे नातं तेव्हापासून माहीत आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये वासरांचे व्यापारी ठिकठिकाणची लहान वासरं एकत्र करून विकायचे, त्यांच्यात टायफिम्युरियम जातीचा सॅल्मोनेला पसरला, शेतकरी आमच्यासारखेच औषधामागून औषध देत गेले, आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की रेझिस्टन्स एकामागून एक कसा साठत गेला आणि माणसांपर्यंत कसा आला. त्यावर तिथे स्वॉन कमिटी बसली, १९६९ मध्ये तिने सांगितलं की माणसांना लागणारी अँटिबायोटिक्स जनावरांना वाढीसाठी चाऱ्यातून देऊ नका.

आणि एक गोष्ट तर मी घरात सगळ्यांना बसवून सांगितली. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात एका बारा वर्षांच्या मुलाला ताप, पोटदुखी, हगवण झाली, त्याच्यात जो सॅल्मोनेला निघाला त्यावर सेफ्ट्रियाक्सोन चालत नव्हतं. मुलाचे वडील जनावरांचे डॉक्टर, त्या सुमारास सॅल्मोनेला झालेल्या गाईंवर उपचार करत होते, आणि त्या गाईंमधला जंतू आणि मुलातला जंतू एकच निघाला. २००० मध्ये हे छापून आलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि शाळेतून आला की दप्तर टाकून पहिला वासरांच्या तोंडात बोटं घालतो. त्या दिवसापासून गोठ्याच्या दारात साबण आणि बादली आहे, आणि हात धुतल्याशिवाय कोणी घरात येत नाही, मिस्टर पण नाही.

आता मूळ कारणावर येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. सरांनी विचारलं, वासरांना दूध कुठलं पाजता? मी म्हटलं, त्यांच्या आयांचंच. मग विचारलं, मस्टायटिस झालेल्या गाईचं दूध कुठे जातं? मी गप्प बसले. कारण दगडी, म्हणजे हाच कासेचा आजार, झाली, सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली, की ते दूध विकायचं नाही हे आम्ही पाळत होतो, अगदी प्रामाणिकपणे पाळत होतो, लेबलवर वेगळा आकडा नसेल तर औषध संपल्यावर दूध किमान ७ दिवस आणि मांस २८ दिवस वापरायचं नाही असा आपल्याकडे नियम आहे, आणि गिऱ्हाइकाला आम्ही कधी फसवलं नाही. पण चार-पाच लिटर दूध नाल्यात ओतायचं जिवावर येतं ना, म्हणून ते निळ्या बादलीत साठवायचं आणि वासरांना पाजायचं. सकाळच्या धारेचं दूध झाकून कोपऱ्यात, आणि दुपारी चारला पाजायचं.

ती बादली डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यातली दमट उब, सकाळी सहा ते दुपारी चार, दहा तास. सॅल्मोनेलाला अशी उब आणि दूध मिळालं तर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, धरा दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दहा लाख. आणि त्याच दुधात थोडं थोडं अँटिबायोटिक, इतकं कमी की जंतू मरत नाही, पण इतकं आहे की ज्याच्याकडे हत्यार नाही तो मागे पडतो आणि ज्याच्याकडे आहे तो बादलीभर होतो. मग ते आपण कोवळ्या वासराच्या पोटात घालतो, रोज, दोन वेळा. औषधाने वासरू बरं झालं तरी दुसऱ्या दिवशी परत तीच बादली. म्हणून थांबायची आणि परत यायची. बादली आम्ही धुवत होतो, पण नुसतं पाण्याने खळखळून, आणि तिच्या आतल्या कडेला हात फिरवला तर बुळबुळीत लागायचं, तो दुधाचा पिवळा थर वर्षानुवर्षांचा होता.

उकळून पाजलं तर? हे मी पण विचारलं. उकळल्याने जंतू मरतात, ६३ अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवलं तरी मरतात, पण औषधाचा अंश त्याने भरवशाने जात नाही, म्हणजे पोटातल्या जंतूंची निवड चालूच राहते. औषधवालं दूध वासराला द्यायचंच नाही, हे एकच. आम्ही ते आता शेतात दूर खड्ड्यात ओततो आणि माती टाकतो, जिवावर येतं तरी.

बाकी काय बदललं ते आता सांगते, क्रम महत्त्वाचा आहे म्हणून जसं केलं तसंच.

सगळ्यात आधी चीक. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि जन्मल्यापासून तास जातात तसं आतडं ती शोषायचं बंद करत जातं, चोवीस तासांनी जवळजवळ दार बंद. आमच्याकडे जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही अशी जुनी पद्धत होती, म्हणजे कधी कधी सहा-आठ तास. आता दोन तासांच्या आत वजनाचा दहावा हिस्सा, तीस किलोचं वासरू असेल तर तीन लिटर, एका वेळी नाही जमलं तर दोनदा, पण सहा तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. सासूबाईंना पटायला वेळ लागला, पण वासरू मोकळं झालं की जार आपोआप पडतो आणि चीक पाजल्याने तो अडत नाही हे त्यांनी स्वतः दोन वेताला बघितलं, आता त्याच बाटली घेऊन उभ्या असतात.

मग जागा. आजारी वासरू त्या मिनिटाला वेगळं, आणि काम करताना आधी धडधाकट लहान वासरं, मग मोठी, शेवटी आजारी, उलटं कधीच नाही, आजाऱ्याची बाटली, दावं, फावडं, आणि माझे गमबूट पण वेगळे. फिनाइल आणि ब्लीचिंगबद्दल एक सांगते, शेणावर ओतलेलं फिनाइल वाया जातं, कारण शेण आणि दूध औषधाची ताकद खाऊन टाकतात. आधी खरवडायचं, साबणाने ब्रश मारून घासायचं, वाळू द्यायचं आणि मग ब्लीचिंग किंवा चुना. ओल्या शेणात हा जंतू महिनोनमहिने जगतो, वाळवण आणि ऊन त्याला मारतं, म्हणून वासरांचा कप्पा आम्ही गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून काढून पूर्वेला नेला, खाली मुरूम टाकून उतार दिला, कारण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत एकदा पाऊस पडला की चार महिने चिखल सुकत नाही. निळी बादली फेकून दिली. आता स्टीलच्या, आणि रोज गरम पाणी, साबण, ब्रश, मग उलटी करून उन्हात.

आजारी पडलंच तर पहिलं औषध पाणी. तीस किलोच्या वासराच्या अंगातलं वजनाच्या आठ टक्के पाणी गेलं म्हणजे जवळजवळ अडीच लिटर गेलं, आणि ते भरल्याशिवाय कुठलंच इंजेक्शन त्याला वाचवू शकत नाही. वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर मिळते ती पाकिटावर लिहिलेल्या मापाने कोमट पाण्यात, दोन लिटर, दिवसातून दोन-तीन वेळा, दुधाच्या वेळा सोडून मधल्या वेळी. दुधात मिसळू नका, त्याने दूध पोटात नीट फुटत नाही. आणि दूध बंद करू नका, आम्ही पूर्वी हगवण लागली की दूध बंद करायचो, वासरू उपाशी राहून अजून खचायचं. चोखत नसेल, तोंड आतून थंड लागत असेल, तर घरी काही करत बसू नका, शिरेतून सलाइन लागतं, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा. मैनाच्या वेळी मला हे माहीत नव्हतं.

अँटिबायोटिक कधी? हे डॉक्टर ठरवणार, पण माझ्या समजुतीने सांगते: फक्त पातळ होतंय, ताप नाही, वासरू उड्या मारतंय, दूध पितंय, तर बहुतेक वेळा लागत नाही. ताप, सुस्ती, रक्त असेल तर लागतं, कारण सॅल्मोनेला रक्तात उतरतो, मग न्यूमोनिया होतो, सांधे सुजतात. लागलं तर वजन काटा लावून किंवा टेपने मोजून, अंदाजाने नाही, आणि सांगितले तेवढे सगळे दिवस. आमच्याकडे भैया मोठ्या बाटलीतून "थोड़ा बचा लेते हैं" म्हणून कमी भरायचा, मी ते खूप उशिरा पकडलं. माणसांच्या गोळ्या फोडून पाजू नका. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक कोणी दिलं तर घेऊ नका, खाण्याच्या जनावरांसाठी ते भारतात जुलै २०१९ पासून बंद आहे, कारण माणसांना बाकी सगळी औषधं फेल गेल्यावर ते शेवटचं राहतं.

घरातल्या माणसांसाठी दोन गोष्टी. कच्चं दूध कोणी पिऊ नका, धारोष्ण दूध ताकदीचं असतं असं सासरे म्हणायचे, त्यांचा मान राखून सांगते, या गोठ्यात तरी ते आता बंद आहे, लहान मुलं आणि गरोदर बाईला तर अजिबात नाही. आणि दुसरं, आजूबाजूला लोक सॅल्मोनेला ऐकलं की मोतीझरा, टायफॉइड म्हणतात. टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला आहे पण तो माणसाकडूनच माणसाला होतो, गाईकडून नाही. गाईकडून येतो तो बहुतेक उलटी-जुलाब-ताप देतो आणि पुष्कळांचा आपोआप बरा होतो, तरी गोठ्यात काम करणाऱ्या घरात कोणाला असं झालं तर डॉक्टरांना जनावरांचं आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

फरक किती पडला? मागच्या पावसाळ्यात नऊ वासरं झाली, दोघांना हगवण लागली, एकाला ताप होता, दोन्ही वाचली. आधीच्या तीन पावसाळ्यांत आमची सात गेली होती. पण रेझिस्टन्स गेलाय असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांनी परत सॅम्पल दिलं तेव्हा टेट्रासायक्लिन आणि अॅम्पिसिलिनला साय तशीच चिकटलेली होती, एन्रोला किंचित गोल दिसला. सर म्हणाले, औषध बंद केलं म्हणून हत्यार लगेच टाकून देत नाहीत ते, वेळ लागतो, आणि काही कधीच टाकत नाहीत.

आणि आम्ही बाहेरून आणलेलं जनावर आता चार आठवडे वेगळं बांधतो. हे आधी केलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं, कारण मागे वळून बघितलं तर सगळं चंद्री आल्यावर सुरू झालं. चंद्री ही चार वर्षांपूर्वी बाजारातून आणलेली क्रॉस गाय, सगळ्यात जास्त दूध, सगळ्यात शांत. आल्यावर दोन महिन्यांत तिने सातव्या महिन्याचा गाभ टाकला, आम्ही म्हटलं पाय घसरला असेल. गाभ टाकण्याची कारणं बरीच असतात, ब्रुसेलाची (गाभ पाडणारा दुसरा जंतू, माणसालाही होतो) तपासणी तर करायलाच हवी आणि तो गर्भ उघड्या हाताने उचलायचा नाही, पण सॅल्मोनेला, खास करून डब्लिन जातीचा, हेही एक कारण असतं, आणि अशी गाय वरून ठणठणीत दिसत वर्षानुवर्षं जंतू पोटात बाळगते, उन्हाळा, प्रवास, विणं असा ताण आला की शेणातून आणि दुधातून टाकते. गोठ्यातल्या सगळ्या मोठ्या गाईंचं सॅम्पल तीन वेळा दिलं, चंद्रीचं दोनदा पॉझिटिव्ह आलं.

मिस्टर म्हणतात विकून टाकू. मी म्हणते, सांगून विकलं तर कोणी घेणार नाही आणि न सांगता विकलं तर दुसऱ्या कोणाच्या तरी मैनाचं तसंच होणार. म्हणून ती आता शेवटच्या खुंट्यावर वेगळी आहे, तिची गव्हाण वेगळी, शेण वेगळ्या खड्ड्यात, धार सगळ्यांच्या शेवटी, दूध उकळल्याशिवाय बाहेर जात नाही. भाद्रपदात विणार आहे. वासरू जमिनीवर पडलं की तिला चाटू न देता मी ते उचलून पूर्वेच्या कप्प्यात नेणार आहे, आणि त्याच्यासाठी गीर गाईचा पहिल्या धारेचा चीक, ६० अंशावर एक तास ठेवून, एकेक लिटरच्या तीन बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलाय, बाटल्यांवर मार्करने तारीख आणि "चंद्रीचं बाळ" असं लिहिलंय म्हणजे सासूबाई खरवस करायला घेणार नाहीत.